असेंबल्ड पीसीचं बायोस सेटिंग सारखं उडतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, इस्लामपूर, कुठूनही विचारा, प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. घरी पार्ट आणून जोडलेला पीसी असो नाहीतर दुकानातून असेंबल करून घेतलेला, दोन्हीला हे लागू. लॅपटॉपचं प्रकरण वेगळं, ते यात धरलेलं नाही.

खाली जायच्या आधी एक काम करा. पुढच्या वेळी सेटिंग उडालं की विंडोज चालू व्हायच्या आधी थेट बायोसमध्ये (पीसी चालू होताना मदरबोर्डवर सगळ्यात आधी चालणारा सेटिंगचा प्रोग्राम) शिरा आणि घड्याळ बघा. तारीख-वेळ पण गेलीय का फक्त सेटिंग गेलंय? विंडोजमधलं घड्याळ बघून उपयोग नाही, ते बऱ्याचदा नेटवरून वेळ सुधारून घेतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. घड्याळ पण गेलं असेल तर प्रश्न १ पासून वाचा, घड्याळ बरोबर असेल तर सरळ प्रश्न ६ वर जा, उगीच सेल बदलत बसू नका.

१. पीसी चालू केला की रोज काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी येतं, एफ१ दाबा म्हणतं, आणि तारीख कुठल्यातरी जुन्या सालात गेलेली असते. व्हायरस आहे का?

नाही हो. मदरबोर्डवरचा चपटा सेल संपलाय, दुसरं काही नाही. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम हा सेल करतो. तो मेला की घड्याळ बायोसमध्ये भरलेल्या मूळ तारखेवर जातं, म्हणून कुणाला २००९ दिसतं तर कुणाला २०१५. त्या मेसेजमध्ये सीमॉस (घड्याळ आणि सेटिंग जपणारी सेलवरची मेमरी), चेकसम, बॅड असले शब्द असतील तर शंकाच नको. पीसी तीन-चार वर्षांचा झाला असेल तर हे होऊ शकतंच. विंडोज फॉरमॅट मारून यात काडीचा फरक पडत नाही, तरी लोक आधी फॉरमॅटच मारतात.

२. सेल कुठला आणायचा? सांगलीत मिळेल का ऑनलाइनच मागवू?

सीआर२०३२. ३ व्होल्टचा लिथियम सेल, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, हे सगळं त्या नंबरातच आहे. यासाठी ऑनलाइन कशाला? घड्याळाच्या दुकानात विचारा, गाडीच्या रिमोट चावीचं काम करणाऱ्याकडं विचारा, कॉम्प्युटरवाल्याकडं तर असतोच. फक्त सुटा, डब्यातनं काढून दिलेला घेऊ नका, पाकिटातला घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेल नवीन म्हणून घेतला की चार महिन्यांत परत तेच रडगाणं.

दुकानदार कधी कधी "हा पण चालतोय की" म्हणून सीआर२०२५ देतो. व्होल्ट तेवढेच असतात पण जाडी २.५ मिलिमीटर, म्हणजे खाचेत ढिला बसतो, आज चालेल आणि टेबलाला धक्का लागला की घड्याळ शून्यावर. एलआयआर२०३२ नावाचा रीचार्जेबल पण येतो, दिसायला डिट्टो, तो तर अजिबात नको. त्याचे व्होल्ट जास्त असतात आणि मदरबोर्ड त्याला चार्ज करत नाही, मग रीचार्जेबल घेऊन करायचं काय?

३. सेल मला घरी बदलता येईल का? आणि आत्ताची सेटिंग्ज वाचवता येतात का?

येईल की. आधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. रॅमचं प्रोफाइल, बूट ऑर्डर (कुठल्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं), साटा मोड (डिस्क वाचायची पद्धत), सीएसएम (जुन्या पद्धतीनं चालू व्हायची सोय), सिक्युअर बूट, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग), फॅनचं सेटिंग, एवढ्याचे फोटो पाहिजेतच. बऱ्याच बोर्डांत बायोसमध्ये असताना एफ१२ दाबलं की स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर जातो, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला लागतो. प्रोफाइल सेव्ह करायची सोय असेल तर तेही पेनड्राइव्हवर करून ठेवा. हे करायच्या आधी प्रश्न १० मात्र वाचा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर पंचाईत होते.

मग पीसी बंद, मागचा एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्विच बंद, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते, ती नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं बाजूला दाबली की सेल आपोआप उडी मारून वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, खाचेची पट्टी वाकली की पुढं प्रश्न ४ तुमच्यासाठीच आहे. नवीन सेल बसवताना अधिकचं चिन्ह वर, म्हणजे अक्षरं दिसली पाहिजेत. उभी खाच असेल तर जुना सेल कसा होता त्याचा फोटो आधी काढा.

सेल सापडतच नाही म्हणणारे पण भरपूर आहेत. तो बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेला असतो, कार्ड काढावं लागतं, आणि कार्डाच्या स्लॉटची मागची क्लिप दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. मिनी-आयटीएक्स म्हणजे एकदम छोट्या बोर्डावर सेल काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून दोन वायरींनी एका बारक्या कनेक्टरला जोडलेला असू शकतो, तिथं सुटा सेल बसत नाही, वायरवालाच घ्यावा लागतो.

४. नवीन सेल टाकला, पाकिटातला, चांगल्या कंपनीचा, तरी दोन-तीन आठवड्यांत तारीख परत गेली. आता काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि इथं घाई करून चालत नाही. मल्टीमीटर पाहिजे, नसेल तर वायरमनकडून मागून आणा. पीसीची वायर काढून ठेवा, सेल खाचेतच असू दे, लाल टोक सेलच्या वरच्या पत्र्याला आणि काळं टोक कॅबिनेटच्या स्क्रूला. ३ व्होल्टच्या आसपास किंवा थोडं वर दिसलं तर सेल जिवंत आहे. २.८ च्या खाली आला तर गेला म्हणा. खाचेत ठेवूनच मोजायचं, म्हणजे खाचेचा कॉन्टॅक्ट पण त्यातच तपासला जातो. सेल हातात घेतल्यावर ३.१ आणि खाचेत शून्याजवळ दाखवलं तर सेलचा दोष नाही, खाच ढिली आहे किंवा खालच्या पिनला गंज चढलाय.

आता समजा सेल खरंच दोन आठवड्यांत उतरलाय. चांगल्या सीआर२०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात आणि घड्याळाला लागतात जेमतेम काही मायक्रोअँपिअर, म्हणून तो वर्षानुवर्षं चालतो. आठवड्यांत संपला याचा अर्थ बोर्डावर कुठंतरी करंट गळतोय. बोर्डावर धूळ आणि ओल बसलेली असते, एखादा बारका कपॅसिटर किंवा डायोड गेलेला असतो, किंवा कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकवून स्क्रू मारतात तो खुंटा) जास्तीचा राहिलाय आणि तो बोर्डाला खालून नको तिथं टेकतोय. हे शेवटचं घरी जोडलेल्या पीसीतच दिसतं. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवून बघा, बाहेर ठीक आणि आत बिघाड असेल तर चोर कॅबिनेटमध्येच आहे.

आणि स्वस्तातले "नवीन" एच६१ बोर्ड ज्यांनी घेतलेत त्यांनी जास्त शोधाशोध करू नये. इंटेलनं तो चिपसेट २०११ मध्ये आणला होता, आज नव्या डब्यात जो बोर्ड मिळतो त्यात जुनी काढलेली चिप आणि मिळेल ते सामान असू शकतं, त्यावर सेल लवकर उतरतो ही तक्रार नेहमीची आहे. त्यावर पैसे घालण्यापेक्षा दर वर्षी सेल बदला आणि गप बसा.

५. सेल चांगला, व्होल्ट चांगले, गळती नाही, तरी दर वेळी प्लग काढला की सगळं शून्यावर. हे कसं?

मग बोर्डाला कोणीतरी दर वेळी "पुसून टाक" सांगतंय. बोर्डावर सेलच्या आसपास दोन किंवा तीन पिन असतात, शेजारी सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट असं काहीतरी छापलेलं असतं. तीन पिनच्या बोर्डावर जंपर (दोन पिना जोडणारी बारकी टोपी) साधारणपणे १-२ वर असला तर सेटिंग राहतं आणि २-३ वर असला तर पुसलं जातं, तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल बघून खात्री करा. सेकंडहँड बोर्ड घेतला असेल तर विकणाऱ्यानं पासवर्ड काढायला जंपर हलवला आणि तसाच ठेवला असं होतं.

दोन पिनवाल्या बोर्डांची भानगड वेगळी. कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या वायरी लावताना एखादी वायर चुकून या पिनांवर बसते, विशेषतः रिसेटची किंवा दिव्याची. पीसी चालू होतो, सगळं मस्त वाटतं, पण कोणी रिसेट दाबलं की सीमॉस साफ. घरात लहान पोरं असतील तर ती दाबणारच. काही बोर्डांना मागच्या बाजूला सीमॉस क्लिअरचं बटण दिलेलं असतं, आयओ शिल्ड (मागच्या पोर्टांभोवतीचा पत्रा) वाकडी बसली की ते दाबलेलंच राहतं, तेही बघा.

६. तारीख-वेळ एकदम बरोबर असते, फक्त एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायचं प्रोफाइल) बंद होऊन रॅम परत २१३३ वर येते. सेल बदलला, उपयोग शून्य.

होणारच नव्हता उपयोग. घड्याळ बरोबर आहे म्हणजे सेल ठणठणीत आहे. इथं सेटिंग हरवत नाही, बोर्ड ते स्वतः टाकून देतोय. चालू होताना बोर्ड रॅमची चाचणी घेतो, तुम्ही सांगितलेल्या स्पीडला ती पास झाली नाही तर काही वेळा परत परत प्रयत्न करतो, पंखे फिरतात, थांबतात, परत फिरतात, आणि शेवटी "जाऊ दे" म्हणून डिफॉल्टवर चालू होतो. बऱ्याच बोर्डांवर तेव्हा ओव्हरक्लॉकिंग फेल्ड असा मेसेज येतो. लोक तो न वाचताच एफ१ दाबून पुढं जातात.

कारणं बघा. एक रॅम आधीची आणि दुसरी नंतर वेगळ्या कंपनीची घेतलेली, हे आपल्याकडं फार, कारण पैसे जमतील तशी रॅम वाढवतो आपण. दोन्हीवर ३२०० लिहिलेलं असलं म्हणून त्या एकत्र ३२०० ला चालतीलच असं नाही. दुसरं, चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, बहुतेक बोर्डांना हेच पाहिजे असतं. तिसरं, पहिल्या पिढीचा रायझन आणि वर जास्त स्पीडची रॅम, तो प्रोसेसरच तेवढं झेपवत नाही. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या तरी स्पीड खाली आणावाच लागतो.

उपाय म्हणजे आधी रॅम काढून, कॉन्टॅक्ट पुसून नीट बसवा, दोन्ही क्लिपा टक्क वाजल्या पाहिजेत. मग एक्सएमपी लावून स्पीड एक पायरी खाली आणा, ३२०० ऐवजी २९३३, आणि रॅमचे व्होल्ट पाकिटावर लिहिलेत तेवढेच आहेत का बघा, डीडीआर४ च्या ३२०० किटला बहुतेक १.३५ असतात. यानंतर रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवा. एकही एरर आली तर ते सेटिंग सोडून द्या. ३२०० आणि २९३३ मधला फरक तुम्हाला गेममध्ये दिसणार पण नाही, पण रोज सकाळी बायोसमध्ये जाणं नक्की दिसतं.

प्रोसेसरचे व्होल्ट कमी केलेले असतील तर तोच संशय तिथं पण घ्या. फक्त थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्यांदा चालू करताना होतं आणि दिवसभर परत होत नाही, हे बहुतेक याच गटातलं.

७. लाईट झपझप जाते-येते त्या दिवशीच सेटिंग उडतं. एरवी काही नाही. सेलच ना?

घड्याळ बघितलं का? या प्रश्नात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. होतं असं की बायोसमध्ये "लाईट आली की आपोआप चालू" हे सेटिंग तुम्ही ठेवलेलं असतं, लाईट येते, बोर्ड उठायला लागतो, रॅमची चाचणी अर्धी होते तोवर लाईट परत जाते, परत येते, परत जाते. बोर्डाच्या हिशोबानं तो लागोपाठ नीट चालू होऊ शकला नाही, मग काही बोर्ड समजूत करून घेतात की सेटिंगच चुकीचं आहे आणि डिफॉल्ट लावतात. डीडीआर५ च्या मशीनला चाचणीलाच वेळ लागतो म्हणून तिथं जास्त.

ते आपोआप चालू व्हायचं सेटिंग बंद करा, लाईट स्थिर झाल्यावर हातानं चालू करा. यूपीएस असेल तर प्रश्नच मिटला. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल आणि लाईट जाताना तो रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच आहे का बघा, साध्या मोडला तो उशिरा पलटी मारतो.

८. आमच्याकडं रोज रात्री स्विचबोर्डचं बटण बंद करायची सवय आहे. त्यानं सेल लवकर संपतो का?

हो, संपतो. प्लग चालू असला तर पीसी बंद असताना पण एसएमपीएस ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन चालू ठेवतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. म्हणून एकाच दिवशी घेतलेल्या दोन पीसींपैकी एकाचा सेल तीन वर्षांत जातो आणि दुसऱ्याचा सात वर्षं टिकतो.

पण म्हणून सवय मोडा असं मी म्हणणार नाही. एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढलाच पाहिजे, बटण बंद करून भागत नाही, आणि इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर ती पण काढा. सेल पन्नासच्या आसपास मिळतो, मदरबोर्ड नाही.

९. सेल बदलल्यावर विंडोज चालूच होईना, डिस्क सापडत नाही म्हणतंय नाहीतर निळी स्क्रीन येतेय. डेटा गेला का?

डेटा जागेवर आहे. फॉरमॅट मारू नका, कोणी मारायला सांगितलं तरी मारू नका. सेटिंग डिफॉल्टला गेल्यामुळं बोर्डाला आता तुमची डिस्क वेगळ्या पद्धतीनं वाचायची आहे एवढंच.

डिस्क सापडत नसेल तर सीएसएम बघा. जुनी हार्डडिस्क एमबीआर म्हणजे जुन्या विभागणीच्या पद्धतीची असेल तर तिला सीएसएम चालू लागतं, नवीन बोर्डांचं डिफॉल्ट बंद असतं. निळी स्क्रीन येत असेल आणि त्यावर बूट डिव्हाइस मिळत नाही अशा अर्थाचं लिहिलेलं असेल तर साटा मोड बघा, विंडोज टाकताना एएचसीआय होतं का रेड होतं ते आठवा आणि तेच परत लावा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढं व्हीएमडी नावाचं सेटिंग आहे, त्यानं पण हेच होतं. दोन डिस्क असतील तर बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे का बघा. प्रश्न ३ मधले फोटो काढले असतील तर हे पाच मिनिटांचं काम, नसतील तर एकेक करून बघावं लागेल.

अँड्रॉइडचा एम्युलेटर एकदम स्लो झाला असं वाटलं तर व्हर्च्युअलायझेशन बंद झालंय, एएमडीला ते एसव्हीएम नावानं असतं. व्हॅलोरंट गेम उघडत नसेल तर विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट आणि टीपीएम दोन्ही लागतात.

१०. निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतंय. मी कधी कुठली की लावलीच नाही!

तुम्ही नसेल लावली, विंडोजनं लावली. नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. मोबाईलवरून त्या अकाउंटला लॉगिन करा, रिकव्हरी की शोधा, स्क्रीनवरचा आयडी आणि तिथला आयडी जुळवून मगच टाका.

त्याच्या आधी एक करून बघा. डिफॉल्टला गेल्यावर काही बोर्डांवर टीपीएम बंद होतं, इंटेलला ते पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम नावानं असतं. ते परत चालू केलं, सिक्युअर बूट आधीसारखं केलं की की न मागताच विंडोज उघडतं, पुष्कळदा तेवढंच असतं. एएमडीवर एफटीपीएमबद्दल वाय का एन असा प्रश्न आला आणि तुमच्याकडं की नसेल तर वाय दाबू नका.

सेल बदलायचा बेत असेल तर आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड करा आणि की कागदावर लिहून ठेवा. त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवू नका, एवढं सांगावं लागतं.

११. घड्याळ चुकतं, पण दर वेळी बरोब्बर साडेपाच तासच. सेल तीनदा बदलला.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलंय ना? मग सेलला सोडा बिचाऱ्याला. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज भारतीय वेळ, दोघांत ५ तास ३० मिनिटांचा फरक, आणि जो शेवटी चालू होता तो आपल्या पद्धतीनं लिहून जातो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा, एका कमांडचं काम आहे, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्याला जागतिक वेळ वाचायला लावा. दोन्हीकडं करू नका, परत उलटं होईल.

१२. तारीख चुकली तर बिघडतं काय? मी एफ१ दाबून काम चालवतोय.

गेम खेळायला नाही बिघडत. पण तारीख मागं गेली की वेबसाइटची सर्टिफिकेटं चुकीची वाटतात, ब्राउझर लाल पान दाखवतो, बँकेची साइट उघडत नाही. जीएसटी नाहीतर इन्कम टॅक्सचं काम करणाऱ्यांची डिजिटल सिग्नेचर अडते. मार्केट यार्डातल्या एखाद्या पेढीवर हळदीची बिलं चुकीच्या सालात पडली तर मार्चला हिशोब करणाऱ्याचे हाल. फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपणहून वेळ जुळवून घेईलच असं नाही, हातानं तारीख लावावी लागते. सेल अगदीच मेला तर काही बोर्ड चालू व्हायला पण कुरकुर करतात.

१३. नवीन बोर्डात सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतं म्हणे, मग सेल गेल्यावर सेटिंग कसं जातं?

बरोबर ऐकलंय. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाइटची मेमरी होती आणि सेटिंग त्यात राहायचं, सेल गेला की सगळं गेलं. त्याच्या आधीच्या १९८१ च्या पीसीत तर बोर्डावर बारके स्विच होते, ते हलवायचे. आता यूईएफआयचं (नव्या पद्धतीच्या बायोसचं) बरंचसं सेटिंग फ्लॅशमध्ये असतं ज्याला करंट लागत नाही. पण घड्याळाला अजून सेलच लागतो, आणि सेलचा करंट गेला होता असं दिसलं की बरेच बोर्ड "मालकानं सीमॉस क्लिअर केलं" असं धरून फ्लॅशमधलं पण डिफॉल्टला नेतात. काही बोर्ड तसं करत नाहीत, तिथं फक्त घड्याळ जातं. म्हणून मित्राच्या बोर्डावर एक आणि तुमच्यावर एक दिसतं.

१४. बायोस अपडेट केलं तर हे थांबेल का?

प्रश्न ६ मधला त्रास कधी कधी थांबतो, रॅमची जुळणी नव्या बायोसमध्ये सुधारलेली असते. सेलचा त्रास थांबणार नाही. अपडेटनंतर सेटिंग डिफॉल्टला जातंच आणि जुनं प्रोफाइल पुष्कळदा नव्यात लोड होत नाही, म्हणून फोटो. लाईट जायच्या दिवसांत यूपीएसशिवाय अपडेट करू नका.

१५. पुरात भिजलेला पीसी वाळवून चालू केला, चालतो, पण सेल टिकत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आणि परत २०२१ च्या जुलैनंतर असे बोर्ड खूप निघाले. कृष्णेचा गाळ चिपांच्या खाली जाऊन बसतो, वरून वाळलेलं दिसतं, खाली ओल धरून ठेवतो, आणि त्यातून करंट गळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं दोन्ही बाजू धुवा, सेलच्या खाचेभोवती हिरवट पूड असेल तर ती पूर्ण काढा, दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा.

पुढच्या वेळी पाणी येतंय असं कळलं आणि पीसी वर उचलायला वेळ नाही मिळाला, तर पाणी ओसरल्यावर वायर काढलेली आहे याची खात्री करून पहिला सेल काढा. लोक वायर काढतात आणि थांबतात, पण सेल आत असला तर बोर्डाच्या त्या भागात ३ व्होल्ट चालूच राहतात आणि ओल्या पट्ट्या त्यानं आणखी खातात.

१६. काढलेला सेल टेबलावर पडलाय, कचऱ्यात टाकू का?

टेबलावर तर अजिबात ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर आत्ता उठून उचला. मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, संपलेला सेल पण भाजतो, पीसीला चालत नाही म्हणून निर्धोक झाला असं नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि बटण सेल गिळलाय असं दारातच सांगा, एक्स-रे लगेच निघाला पाहिजे.

घरात मूल असो वा नसो, सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात नको.